फीमाफीपुरता बाप

"मास्तर, वडील गेले तुमचे. सकाळी. तुमाला संगटच घिऊन याय सांगितलंय." वाईच्या आमच्या शाळेच्या दारात लोणंदचा एक ओळखीचा लॉरीवाला डोक्यावरची टोपी हातात धरून उभा होता. माझ्या हातात खडू होता. तो कुठे ठेवला ते आठवत नाही. लॉरीत त्याच्या शेजारी बसलो आणि लोणंद येईपर्यंत मला आबांचा आवाज ऐकू येत राहिला. आबा, माझे वडील, लोणंदच्या बाजारात मापाडी. मोजणीत एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन... असा दिवसभर कांदा मोजून मोजून त्यांचा घसा कायमचा बसलेला. त्या बसक्या आवाजात ते मला हाक मारायचे ती आता कुणी मारणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. आमच्या आळीत शिरलो तर माणसं आमच्या दारात नव्हती. दोन घरं सोडून पलीकडे, तात्यांच्या दारात होती आणि त्या गर्दीत, बोडक्या डोक्यानं, भिंतीला टेकून आबा उभे होते. जिवंत. मला हसू फुटलं. तोंड दाबून धरलं तरी खांदे हलायचे थांबेनात. लोकांना वाटलं मी रडतोय. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालं, "असू द्या, बापाचं दुख हाय."

गेले होते ते तात्या. आबांचे थोरले भाऊ, माझे चुलते, पलटणीतले हवालदार. कायद्यानं मात्र ते माझे वडील होते आणि म्हणून लॉरीवाला काही चुकीचं बोलला नव्हता. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. मधल्या काळात साताऱ्याच्या एका साप्ताहिकात त्यांच्यावर चार ओळी छापून आल्या. 'स्वतःस अपत्य नसता पुतण्यास पोटच्या मुलाप्रमाणे मानून त्यांनी पदवीपर्यंत शिकविले,' असं त्यात आहे. वाईत लोक मला थांबवून सांगतात, भाग्यवान आहात, असे चुलते मिळाले. मी मान हलवतो. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं हा रिवाज मी आज बाजूला ठेवणार आहे. तात्यांनी मला कसं शिकवलं ते मला ठाऊक आहे आणि ते कुणीतरी एकदा सरळ लिहायला हवं.

लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा मी मॅट्रिक झालो. साताऱ्याला बोर्डिंगात राहून, बरे मार्क मिळवून, पण शिष्यवृत्ती मिळावी इतके बरे नव्हे. हेडमास्तर म्हणाले, सांगलीच्या कॉलेजात जा, लोणंदहून सरळ गाडी आहे. गाडी सरळ होती, फीचं मात्र काही सरळ नव्हतं. आबांची मापाई घर चालवण्यात संपायची आणि माझा थोरला भाऊ शेतावर राबायचा. म्हणून मी त्या उन्हाळ्यात साताऱ्यात दारोदार हिंडलो. एका निधीचे विश्वस्त वकील होते. त्यांनी मला ओसरीवर उभं करून माझा सगळा अर्ज मोठ्यानं वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, हा निधी आमच्या ज्ञातीतल्या मुलांपुरता आहे. दुसऱ्या एका दानशूर गृहस्थांनी विचारलं, डॉक्टर होणार का? मी म्हणालो, मास्तर होणार. "मग त्याला कॉलेज कशाला?" असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. राहता राहिली नादारी. गरिबीचा दाखला आणला तर कॉलेज फी माफ करत असे. आबा आणि मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं जमिनीचा उतारा पाहिला आणि हसला.

"दोघा भावांचं एकत्र आहे की सगळं. तुझा चुलता सरकारी पगार खातोय पलटणीत. तो धरला की तू नादार कसला? चुलत्याकडून लिहून आण, आम्ही विभक्त आहोत म्हणून. एक ओळ बास. लगेच सही मिळेल."

एक ओळ. ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथे थांबतो. तात्यांची चूल वेगळी होऊन दहा वर्षं झाली होती. ते वेगळ्या घरात राहत, वेगळं जेवत. पगारातला एक आणाही आमच्या घरात येत नव्हता, आणि आम्ही तो मागितलाही नव्हता. जे खरंच होतं ते कागदावर लिहायचं होतं. तात्या तेव्हा रजेवर आलेले होते. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात उभे राहून बुटांना पॉलिश करत होते. उंच, ताठ, पिळदार मिशांचा माणूस. त्यांची लढाई सगळी कोठाराच्या दारात पहारा देण्यात चालली होती, पण लोणंदच्या बाजारात ते जर्मनाला आपण समोरासमोर पाहिलाय अशा थाटात चालत. आबांनी अडखळत अडखळत सांगितलं. तात्या बूट घासत राहिले.

"विभक्त?" शेवटी ते म्हणाले. "म्हंजे घर फुटलं म्हणून सरकारात लिवून देऊ? माज्या हातानं?"

"तात्या, नुसतं कागदावर..." आबा म्हणाले.

"कागदावरच करायचं तर दुसरं कर की. पोरगं मला दे. दत्तक. लढाईवरल्या शिपायाच्या पोराला फी माफ हाय. नादारी कशाला मागतोस भिकाऱ्यावानी? हवालदाराचा पोरगा म्हणून ताठ मानंनं जाईल."

मी म्हणालो, "तात्या, ती एक ओळच द्या ना लिहून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्यो मधी का बोलतोय रं?" हे त्यांनी आबांना विचारलं. आबांनी मला मागे ओढलं. घरी आल्यावर आई चुलीपुढून उठली नाही, एवढंच म्हणाली, "शिकवायचं म्हणून इकायचं व्हय पोराला?" आबा म्हणाले, नुसता कागद आहे, आपलं पोरगं आपलंच. आठ दिवसांत वाईहून भटजी आले.

दत्तक जाणारा मुलगा बापाच्या मांडीवरून उचलून दुसऱ्या बापाच्या मांडीवर बसवतात. मी अठरा वर्षांचा होतो. मला मिसरूड फुटलं होतं आणि आबांपेक्षा मी चार बोटं उंच होतो. पाटावर बसलेल्या तात्यांच्या मांडीवर मला बसवलं तेव्हा माझे पाय समोर बायकांच्या घोळक्यापर्यंत गेले आणि त्या पदराआड हसल्या. तात्यांनी मुद्दाम गणवेश घातला होता. छातीवरचं पितळी बटण माझ्या पाठीत रुतत होतं. भटजींनी माझ्या वडिलांना विचारलं, दिला? आबांचा बसका आवाज निघेना. भटजींनी पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, "दिला." तात्या माझ्या कानाशी खणखणीत म्हणाले, "घेतला." आणि लगेच हळू आवाजात, "सीधा बैठो."

सांगलीला माझं नाव लागलं ते तात्यांचं नाव मधे घालून. फी माफ झाली, हे मी नाकारत नाही. पण ती माफी दर सहामाहीला नव्यानं मागावी लागे. हवालदार नोकरीवर हजर आहे असा पलटणीतल्या साहेबाचा दाखला यावा लागे, आणि तो दाखला तात्या पाठवत. पहिल्या वेळी मी त्यांना पत्र लिहिलं, 'तीर्थरूप तात्यांस' असा मायना घालून. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेही तसंच. सूचनाफलकावर फी थकलेल्यांची यादी लागली. त्यात माझं नाव, आणि खाली लिहिलेलं, की या मुलांना परीक्षेला बसता येणार नाही. मी तिसरं पत्र तारेसारखं तातडीचं लिहिलं. त्यावर एक कार्ड आलं. पेन्सिलीनं, मोठ्या मोठ्या अक्षरांत, एकच वाक्य : 'तात्या कोनाला म्हनतोस.'

मग नवं पत्र लिहिलं. मायन्यात 'तीर्थरूप बाबांस' घातलं. शेवटी 'आपला आज्ञाधारक पुत्र' लिहून सही केली. दाखला चौथ्या दिवशी आला. त्यानंतर तिसरं वर्ष संपेपर्यंत दर सहामाहीला मी असं पत्र लिहीत राहिलो. माझ्या सोबतच्या मुलांनी श्रीमंतांच्या घरी वार लावून जेवण काढलं, कुणी बंगल्यातल्या बागांना पाणी घातलं, कुणी रात्रशाळेत शिकवलं, आणि त्याबद्दल ते आज अभिमानानं बोलतात. मी फीसाठी जे केलं ते मला कुठे सांगता येत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मात्र तात्या समोर नसताना घडली. दुसऱ्या वर्षी आबा अचानक सांगलीला आले. सोबत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्यांचं गाठोडं. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बाजारातलीच बंडी, कांद्याचा वास येत असलेली. वसतिगृहाच्या फाटकात रेक्टर उभे होते. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "हे कोण तुमचे?" माझे वडील लढाईवर आहेत हे त्यांना माहीत होतं, माझ्या माफीच्या अर्जावर रेक्टरांचीच सही होती. मी म्हणालो, "चुलते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेक्टरांना हात जोडून ते म्हणाले, "व्हय, चुलता मी ह्याचा. गावाकडनं आलोय." आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. ते आईची खुशाली सांगत राहिले, म्हशीचं सांगत राहिले. मी म्हणालो, "आबा, माफी जाईल अशी भीती वाटली." ते म्हणाले, "बराबर केलंस. कागद तसाच हाय न्हवं." संध्याकाळच्या गाडीनं ते गेले आणि मी शिकत असेपर्यंत पुन्हा सांगलीला आले नाहीत. भीतीपायी तसं बोललो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आज लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो, की त्या बंडीची मला लाज वाटली होती. पण ते शब्द माझ्या तोंडात तयार करून ठेवले होते तात्यांनी, याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

तिसरं वर्ष संपता संपता तात्यांना दम्यामुळे पलटणीतून घरी पाठवलं. नोकरी संपली तशी माफीही संपली. माझं बी.ए.चं एकच वर्ष उरलं होतं. मी काही हालचाल करायच्या आत प्रिन्सिपॉलांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर तात्यांचं तसंच मोठ्या अक्षरांचं कार्ड होतं. मुलगा शिकला तेवढा पुरे, घरी शेत बघायला माणूस नाही, तरी बाप या नात्यानं सांगतो की त्याचं नाव काढून टाकावं, असा मजकूर.

मी म्हणालो, "सर, हे माझे वडील नाहीत."

प्रिन्सिपॉल शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला. "तीन वर्षं फी माफ घेताना तर होते," ते म्हणाले. मला वाटलं जमिनीत जावं. मग तेच म्हणाले, "तुम्ही सज्ञान आहात. तुमचं नाव तुमच्याशिवाय कुणी काढू शकत नाही. पण फी भरावी लागेल. करा काहीतरी."

हळदीच्या पेठेत एक जैन व्यापारी होते, आण्णा म्हणत त्यांना. त्यांच्या मुलांना शिकवायला मास्तर हवा होता. मी गेलो. आण्णांनी माझी चौकशी केली आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सकाळ संध्याकाळ पोरांना शिकवा, कॉलेजची फी आमची पेढी भरंल. आनि सूर्य बुडायच्या आत जेवायला या, मागनं मिळणार न्हाई." नाव कुणाचं लावता, बाप कोण, हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. वर्षभर माझ्या कपड्यांना, वह्यांना, अंगाला हळदीचा वास होता. ते वर्ष माझं होतं. पदवी मात्र मिळाली ती तात्यांच्या नावाची. लोणंदला तात्यांनी पेढे वाटले. "माज्या फीमाफीवर बी.ए. झाला," असं स्टेशनमास्तरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. वाईला नोकरी धरली, लोणंदला गेलो तर आबांकडे उतरायचो, आणि दोन घरं पलीकडे पाऊल टाकायचो नाही. आबा म्हणायचे, "एकदा तोंड दावून ये." मी ऐकलं नाही. गेल्या वर्षी ते स्वतःच वाईला आले. शिपायानं वर्गात येऊन सांगितलं, तुमचे वडील आलेत. खिडकीतून पाहिलं तर बाकावर तात्या. दम्यानं वाकले होते, पण काठी दोन्ही हातांत रायफलसारखी उभी धरलेली. मी तास संपवला. मग पुढचा घेतला. मग दुसऱ्या मास्तरांचा एक तास मागून घेतला. शाळा सुटल्यावर बाहेर आलो. ते उठून उभे राहिले. ते माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्या बुटांकडे. पॉलिश तसंच होतं.

"मास्तर झालास," ते म्हणाले.

"हो."

"गळ्याचं बटन लाव."

मी लावलं नाही. ते थोडा वेळ थांबले, मग एस.टी.च्या दिशेनं निघाले, दर दहा पावलांवर दम खात. कशाला आले होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमची ती शेवटची भेट.

ते गेले त्या दिवशी त्यांच्या दारात सगळे माझ्यासाठीच खोळंबले होते. अग्नी मुलानं द्यायचा. मी आबांना बाजूला घेऊन म्हणालो, तुम्ही द्या, तुमचे सख्खे भाऊ आहेत. मी देणार नाही.

"तू त्याचा हाईस," आबा म्हणाले.

"फीसाठी, आबा. नुसता कागद म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो हुतो." त्यांचा आवाज आणखी बसला. "पर ह्या तोंडानं दिला म्हणालोय मी, चार माणसांत. आता न्हाई म्हणू? मग मी कोन ऱ्हायलो रं?"

आबांसाठी मी मडकं उचललं. अग्नी दिला. डोळ्यांत पाणी आलं नाही आणि आणायचा प्रयत्नही केला नाही.

दहावा झाल्यावर काकींनी मला बोलावलं. तात्यांची बायको. दत्तकानंतर त्यांना आई म्हणायचं होतं, पण मी कधी म्हणालो नाही आणि त्यांनीही कधी तसा हट्ट धरला नाही. मी ओसरीवर बसलो आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. "काकी, ती एक ओळ लिहून द्यायला काय हरकत होती त्यांची?"

काकी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "भ्याले हुते," त्या म्हणाल्या. "इभक्त म्हणून लिवलं तर आमी दोगं कोनाची? मेल्यावर दार कोन लावंल, म्हणायचे. तुला मागायचं तर त्येंच्या तोंडाला सरळ मागणं येत न्हवतं. हुकूमच याचा." मग म्हणाल्या, "मीबी लय भोगलंय त्येंचं. तू एकटाच न्हाईस."

एवढं ऐकून माझा राग कमी झाला असं नाही. भित्रा माणूस दुसऱ्याच्या पोराला मांडीवर ओढून बसवतो तेव्हा त्याच्या भीतीची किंमत पोरानं का द्यावी, हे मला अजून समजत नाही. मी उठू लागलो तर काकी म्हणाल्या, "जरा ही खोली बघून जा. भाड्यानं द्याची म्हणती मी, स्टेशनातल्या कोनाला तरी."

परड्याच्या बाजूला एक खोली होती. मी ती पूर्वी पाहिलेली नव्हती, कॉलेजच्या सुट्टीतही आबांकडेच राहायचो. दत्तकाच्या साली, मी सांगलीला गेल्यावर, रजा संपायच्या आत तात्यांनी स्वतः विटा उचलून बांधून घेतली, असं काकी म्हणाल्या. कॉलेजवाल्या पोराला. आत एक लोखंडी खाट, पलटणीतल्यासारखी घोंगडी ताणून बसवलेली, घडी कुठे हललेली नाही. भिंतीत पुस्तकांसाठी लांबच लांब फळी, पूर्ण रिकामी. तात्या रोज सकाळी काकींकडून खोली झाडून घ्यायचे आणि मग दारात उभे राहून तपासणी करायचे, अगदी मरायच्या आदल्या दिवशीपर्यंत. मी फळीवरून बोट फिरवलं. धूळ लागली नाही. फळी फार उंचावर ठोकली होती. बसून वाचणाऱ्या माणसाचा हात तिथं पोचला नसता, आणि हेही त्यांनी मला विचारलेलं नव्हतं. मी खाटेच्या कडेवर बसलो.

"कशी हाय रं खोली?" काकींनी बाहेरून विचारलं.

"अंधारी आहे," मी म्हणालो.

खिडकी पूर्वेला होती आणि सकाळचं ऊन सगळं माझ्या मांडीवर पडलं होतं.